राजदूताचं टिपण आणि कादंबरीकाराचा पूल

युगोस्लाव्हियाचे नोबेलविजेते कादंबरीकार इवो आंद्रिच यांनी जानेवारी १९३९ मध्ये एक सरकारी टिपण लिहिलं. त्या वेळी ते युगोस्लाव्हियाच्या परराष्ट्र मंत्रालयात मंत्र्याच्या लगेच खालच्या पदावर होते, आणि परराष्ट्र खातं स्वतः पंतप्रधान मिलान स्टोयादिनोविच यांच्याकडे होतं. टिपणाचा विषय होता अल्बानिया. इटलीने तो देश घशात घालायचं ठरवलं तर युगोस्लाव्हियाने कोणता पवित्रा घ्यावा आणि आपल्या पदरात काय पाडून घ्यावं, याचा त्यात विचार होता. अल्बानियाची फाळणी झाली तर युगोस्लाव्हियाच्या कोसोव्होतल्या अल्बानियन अल्पसंख्याकांना बाहेर ओढणारं केंद्रच उरणार नाही, मग ते इथल्या समाजात लवकर मिसळतील, असं त्यात म्हटलं होतं. नव्या मुलखाबरोबर आणखी दोन-तीन लाख अल्बानियन येतील, पण ते बहुतेक कॅथॉलिक असतील. मुस्लिम अल्बानियनांची तुर्कस्तानात रवानगी करणंही मग शक्य होईल, कारण ती अडवायला कुणी जोराने पुढे येणार नाही. सगळा मजकूर थंड डोक्याने, नेमक्या शब्दांत लिहिलेला आहे.

सहा वर्षांनी, १९४५ मध्ये, याच माणसाची ‘द्रिनेवरचा पूल’ ही कादंबरी बेलग्रेडमध्ये प्रसिद्ध झाली. तिचा शेवट एका मुस्लिम माणसाच्या मरणाने होतो. अलिहोजा हा विशेग्राद गावातला दुकानदार, थोडा हट्टी, थोडा फटकळ. १९१४ साली पुलाचा एक खांब सुरुंगाने उडवला जातो. हादरलेला अलिहोजा चढावरून घराकडे निघतो आणि वाटेतच कोसळतो. देवाच्या प्रेमापोटी काही टिकाऊ बांधणारी माणसं जगातून कायमची नाहीशी होतील, हे त्याला शेवटच्या श्वासापर्यंत पटत नाही. साडेतीनशे वर्षांच्या कथेतलं शेवटचं मन वाचकाला दिसतं ते याचं.

माझं म्हणणं असं की हे टिपण आंद्रिच यांच्या कादंबऱ्यांशेजारी छापलं पाहिजे आणि जिथे त्या शिकवल्या जातात तिथे तेही शिकवलं पाहिजे. आंद्रिच यांना खाली ओढण्यासाठी मी हे म्हणत नाही. विसाव्या शतकातल्या युरोपने जे मोजके थोर कादंबरीकार दिले त्यांत मी त्यांना धरतो. पण त्यांची थोरवी नेमकी कशात आहे, हे ते टिपण बाजूला ठेवून कळत नाही.

त्यांच्या आयुष्यातले टप्पे आधी डोळ्यांसमोर ठेवू. जन्म १८९२ चा, बोस्नियात त्राव्निकजवळ, कॅथॉलिक घरात. वडील क्षयाने लवकर गेले, म्हणून मुलगा विशेग्रादला आत्याकडे वाढला, द्रिना नदीच्या काठी, त्या दगडी पुलाच्या सावलीत. विद्यार्थिदशेत ते ऑस्ट्रियाविरोधी तरुणांच्या वर्तुळात होते. १९१४ मध्ये साराएवोत युवराजाची हत्या झाल्यावर त्यांनाही पकडलं. आधी तुरुंग, मग स्थानबद्धता, आणि १९१७ मध्ये माफी. १९२० मध्ये नव्या युगोस्लाव्ह राज्याच्या परराष्ट्र सेवेत शिरले आणि पुढची एकवीस वर्षं तिथेच राहिले: व्हॅटिकन, बुखारेस्ट, त्रिएस्ते, ग्राझ, मार्सेय, पॅरिस, माद्रिद, ब्रसेल्स, जिनिव्हा. नोकरी टिकवायला पदवी हवी होती म्हणून १९२४ मध्ये ग्राझला डॉक्टरेट केली. तुर्की अमलाखाली बोस्नियाचं आत्मिक जीवन कसं घडलं, हा प्रबंधाचा विषय होता आणि तुर्की अमलाबद्दलचा निवाडा कडक होता. तो प्रबंध त्यांनी हयातीत कधी छापू दिला नाही. एप्रिल १९३९ मध्ये ते बर्लिनमध्ये राजदूत म्हणून हिटलरपुढे उभे राहिले. २५ मार्च १९४१ रोजी व्हिएन्नात युगोस्लाव्हियाने जर्मनी, इटली आणि जपान यांच्या त्रिपक्षीय करारावर सही केली तेव्हा ते तिथे हजर होते. दोन दिवसांनी बेलग्रेडमध्ये सत्ताबदल झाला आणि ६ एप्रिलला जर्मन बॉम्ब पडू लागले. त्या बॉम्बहल्ल्यात बेलग्रेडचं राष्ट्रीय ग्रंथालय जळून गेलं.

इथून पुढचं आयुष्य त्यांच्या चाहत्यांना फार प्रिय आहे आणि ते तसं असण्याजोगंच आहे. जर्मनांनी त्यांना स्वित्झर्लंडला जाण्याची मुभा देऊ केली. दूतावासातल्या बाकीच्या माणसांना तशी मुभा नव्हती, म्हणून त्यांनी ती नाकारली. व्याप्त बेलग्रेडमध्ये परतले. सरकारी पेन्शन घेतलं नाही. प्रतिकाराचा निषेध करणाऱ्या १९४१ च्या जाहीर आवाहनावर सही केली नाही. लोक मरत असताना आपल्या कथा छापू नका, असं कळवलं. एका मित्राच्या घरातल्या खोलीत बसून तीन कादंबऱ्या लिहिल्या आणि तिन्ही १९४५ मध्ये बाहेर आल्या. १९६१ मध्ये नोबेल मिळालं, ती रक्कम त्यांनी बोस्नियातल्या ग्रंथालयांना देऊन टाकली.

हे सगळं खरं आहे. पण चार वर्षांच्या मौनाने आधीची एकवीस वर्षं पुसली जात नाहीत, आणि पुसायची गरजही नाही. पोलंड पडल्यावर जर्मनांनी पकडलेल्या पोलिश कैद्यांसाठी याच राजदूताने बर्लिनमध्ये आपलं वजन खर्च केलं होतं. माणूस एकच, कचेरी एकाच सरकारची. एका कागदात त्याने माणसं वाचवायची खटपट केली, दुसऱ्या कागदात माणसांच्या रवानगीचा हिशोब मांडला. पहिला कागद चरित्रात ठेवायचा आणि दुसरा दप्तरातच राहू द्यायचा, हे मला वाचकाशी केलेलं गैरवर्तन वाटतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो: ते टिपण वरिष्ठाने मागितलेलं होतं, त्यात आंद्रिच यांचं वैयक्तिक मत कुठे आहे? शिवाय ते वायाच गेलं. स्टोयादिनोविच फेब्रुवारीतच पदावरून गेले, आणि ७ एप्रिलला इटलीने एकट्यानेच अल्बानिया घेतला. मुसलमानांना तुर्कस्तानात पाठवण्याची कल्पनाही आंद्रिच यांची नव्हे. १९३८ मध्येच युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान यांच्यात चाळीस हजार कुटुंबं हलवण्याचा मसुदा तयार झाला होता, तो पुढे अमलात आला नाही. हे सगळे मुद्दे मला मान्य आहेत. पण यातून निघतं एवढंच, की असला विचार तेव्हाच्या सरकारी दालनांत रोजचा होता आणि तो मांडायला राक्षसाची गरज लागत नव्हती. पाच-सहा भाषा जाणणारा, हळव्या मनाचा, स्वतः तुरुंग भोगलेला लेखकही तो मांडू शकत होता. विसाव्या शतकात लाखो माणसं घरादारांतून कशी उखडली गेली, हे समजून घ्यायचं असेल तर याहून मोलाचा पुरावा कोणता?

आणि आंद्रिच यांना स्वतःला हे समजत होतं, असं मानायला भक्कम आधार आहे. तो आधार म्हणजे त्यांची दुसरी मोठी कादंबरी, त्राव्निकच्या वकिलातींची. पुलाच्या कादंबरीपुढे ती थोडी मागे पडली, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

१८०७ ते १८१४ या काळात नेपोलियनचा एक वकील, म्हणजे फ्रेंच सरकारचा प्रतिनिधी, त्राव्निकमध्ये राहिला. त्याचं खरं नाव पिएर डेव्हिड. पॅरिसमध्ये नेमणुकीवर असताना आंद्रिच परराष्ट्र खात्याच्या दप्तरखान्यात बसले आणि या डेव्हिडने पाठवलेले अहवाल त्यांनी वाचून काढले. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी कागदांतून कादंबरीतला दाव्हिल हा वकील उभा राहिला. दाव्हिल दिवसभर अहवाल लिहितो आणि रात्री अलेक्झांडरवर एक महाकाव्य लिहितो, जे कधीच पुरं होत नाही. तरुणपणी त्याला राजाची ओढ होती, मग क्रांतीची, मग नेपोलियनची. नेपोलियन पडल्यावर तो परत आलेल्या राजघराण्याकडे वळायची तयारी करतो. तो दुष्ट नाही, कष्टाळू आहे, कुटुंबवत्सल आहे, आणि आपल्या अहवालांत त्राव्निकची जी माणसं येतात त्यांच्याकडे तो जवळजवळ पाहतच नाही.

राजेशाहीचा राजदूत असलेले आणि पुढे टिटोंच्या राज्यात लेखक संघाचे अध्यक्ष, संसद सदस्य आणि १९५४ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सभासद झालेले आंद्रिच हे पात्र रंगवतात, तेव्हा ते काय करत आहेत? माझ्या वाचनात तरी ती स्वतःच्या धंद्याची कठोर उलटतपासणी आहे. मृत वकिलाच्या सरकारी कागदांत माणूस शोधायचा, त्यात काय लिहिलं आहे आणि काय दिसूनही लिहिलेलं नाही ते पाहायचं, ही पद्धत त्यांचीच. त्यांचं १९३९ चं टिपण त्याच पद्धतीने वाचणं म्हणजे त्यांच्यावर अन्याय कसा होईल?

या कादंबरीत आणखी एक प्रसंग आहे, जो टिपण वाचल्यानंतर वेगळाच जड होतो. दाव्हिल गाव सोडून निघतो तेव्हा त्याच्याकडे पैसे नसतात. सालोमोन आतियास हा गावातला ज्यू व्यापारी येऊन त्याला कर्जाऊ रक्कम देऊ करतो. वकिलाने आपल्या लोकांना माणसासारखं वागवलं, याची ती परतफेड असते. त्याला आणखीही काही सांगायचं असतं. स्पेनमधून हाकलले गेल्यापासून आपण या डोंगरांत कसे जगतो, हे बाहेरच्या जगात कुणाला तरी कळावं, एवढीच त्याची इच्छा. पण शब्द फुटत नाहीत. तो चार तुटक वाक्यं बोलून गप्प बसतो, आणि त्याला काय म्हणायचं होतं ते कादंबरीकार पानभर लिहितो. हे बेलग्रेडमध्ये लिहिलं जात होतं त्याच काळात शहराला लागून असलेल्या साव्ह नदीपलीकडच्या सायमिश्ते छावणीतून ज्यू बायकामुलांना विषारी वायूच्या गाडीत घालून मारलं जात होतं. १९४२ च्या मध्यापर्यंत सर्बियातले बहुतेक ज्यू संपलेले होते. माणसांची रवानगी हा शब्द ज्याने तीन वर्षांपूर्वी कागदावर एक उपाय म्हणून लिहिला होता, त्याने आता रवानगी झालेल्यांच्या वंशजाला आवाज दिला. पश्चात्तापाचं एकही वाक्य आंद्रिच यांनी कुठे लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही, आणि मी ते त्यांच्या तोंडी घालणार नाही. पण आधीचा कागद झाकला तर या पानांची किंमत निम्मी होते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बोस्नियात आंद्रिच हे आजही भांडणाचं कारण आहेत, तिथे हे टिपण शाळेत नेणं म्हणजे आगीत तेल ओतणं नाही का? १९९१ मध्ये विशेग्रादमधला त्यांचा पुतळा हातोड्याने फोडला गेला. फोडणारा बोस्नियाक, म्हणजे बोस्नियातला मुस्लिम, होता, आणि आंद्रिच यांनी आमच्या समाजाची बदनामी केली, अशी त्याच्यासारख्या अनेकांची भावना होती. पुढच्याच वर्षी बोस्नियातल्या युद्धात सर्ब निमलष्करी टोळ्यांनी त्याच गावात बोस्नियाकांची कत्तल केली. अनेकांना त्या पुलावर आणून मारलं आणि द्रिनेत फेकलं. त्यातल्या एका टोळीचा म्होरक्या मिलान लुकिच याला हेगच्या न्यायालयाने २००९ मध्ये जन्मठेप दिली. १९९१ च्या जनगणनेत विशेग्रादमध्ये बोस्नियाक ६० टक्क्यांहून जास्त होते. आता तिथे ते मूठभर उरले आहेत. आणि त्याच गावात, नदीच्या काठावर, चित्रपट दिग्दर्शक एमिर कुस्तुरित्सा यांनी आंद्रिच यांच्या नावाने एक नवीन दगडी नगर उभारलं. त्याचं उद्‌घाटन २८ जून २०१४ रोजी झालं, साराएवोच्या हत्येला बरोबर शंभर वर्षं झाली त्या दिवशी.

पुतळा फोडणारे आणि नगर बांधणारे यांच्या कृत्यांची तुलना मी करत नाही, आणि पुतळा फुटला ही कत्तलीची सबब म्हणून कधीच पुढे करता येणार नाही. मला दिसतं ते इतकंच, की दोन्हीकडे आंद्रिच यांना अर्धेच वाचलं गेलं. एकाने प्रबंध आणि कादंबरीतला सुळावर चढवण्याचा प्रसंग वाचला, पण अलिहोजा वाचला नाही. दुसऱ्याने आम्हा सर्बांच्या हालअपेष्टांचा भाट म्हणून त्यांना डोक्यावर घेतलं, पण त्याच कादंबरीत १८७८ साली ऑस्ट्रियाशी लढणं फुकट आहे असं म्हणाल्याबद्दल स्वतःच्याच धर्मबांधवांनी अलिहोजाचा कान पुलावरच्या लाकडाला खिळ्याने ठोकला होता, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. आपल्याच लोकांत एकटा पडलेला माणूस आंद्रिच यांना कायम दिसत राहिला. त्याला कुठल्याच राष्ट्राच्या नगरात घर मिळत नाही.

‘१९२० सालचं पत्र’ या त्यांच्या कथेचं असंच झालं. बोस्निया सोडून जाणारा एक ज्यू वंशाचा डॉक्टर मित्राला लिहितो की हा द्वेषाचा देश आहे. साराएवोत रात्री कॅथॉलिक, ऑर्थोडॉक्स आणि मशिदीजवळचं घड्याळ वेगवेगळ्या वेळी ठोके देतात, आणि ज्यूंना तर घड्याळच नाही. १९९२ च्या युद्धात हा उतारा खूप फिरला. इथली माणसं एकत्र राहूच शकत नाहीत, याचा दाखला म्हणून राष्ट्रवादी पुढाऱ्यांनी तो दिला आणि परदेशी लोकांनी तो ऐकला. कथेचा शेवट मात्र कुणी सांगितला नाही. द्वेषापासून पळालेला तो डॉक्टर पॅरिसला जातो, गरिबांवर उपचार करतो, स्पेनच्या यादवीत प्रजासत्ताकाच्या बाजूने स्वयंसेवक होतो आणि १९३८ मध्ये एका छोट्या गावातल्या इस्पितळावर बॉम्ब पडून मरतो. द्वेष बोस्नियाची मक्तेदारी नाही, हे शेवटच्या परिच्छेदात आहे. अर्धं वाचणं किती महाग पडतं याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

सत्ता आणि लेखक हा विषय निघाला की आपल्याला राजीनामे आठवतात. ऑक्टोबर १९६८ मध्ये मेक्सिको सिटीत त्लातेलोल्कोच्या चौकात विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला तेव्हा दिल्लीत राजदूत असलेल्या कवी ओक्ताव्हियो पाझ यांनी पद सोडलं. कार्लोस फुएन्तेस यांनी १९७७ मध्ये पॅरिसचं राजदूतपद सोडलं, कारण त्या गोळीबाराच्या वेळी राष्ट्राध्यक्ष असलेल्या दियास ओर्दास यांना स्पेनमध्ये राजदूत नेमलं गेलं. दोघांबद्दल मला आदर आहे. तरी फुएन्तेस यांच्या बाबतीत एक गोष्ट नजरेआड करता येत नाही: त्यांनी ते राजदूतपद ज्यांच्याकडून घेतलं ते लुईस एचेव्हेरिया १९६८ मध्ये गृहमंत्री होते. राजीनामा एका दिवसाचा असतो. त्याच्या आधीची वर्षं, तेव्हा लिहिलेली पत्रं, स्वीकारलेल्या नेमणुका, हे वाचल्याशिवाय त्या दिवसाचंही मोल कळत नाही.

महाराष्ट्रात आपण हेच करतो. कराडच्या १९७५ च्या साहित्य संमेलनात, आणीबाणी चालू असताना, दुर्गा भागवत अध्यक्षपदावरून जे बोलल्या त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे; त्यासाठी त्यांनी पुढे तुरुंगही सोसला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने एका अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार मागे घेतला तेव्हा साहित्य संस्कृती मंडळावरच्या काही लेखकांनी राजीनामे दिले, तेही योग्यच होतं. पण १९६० पासून चालत आलेल्या त्या मंडळावर, पाठ्यपुस्तकांच्या समित्यांवर, सरकारी सल्लागार म्हणून, सनदी नोकरीत, कितीतरी मराठी लेखकांनी काम केलं. ना. ग. गोरे १९७७ ते १९७९ या काळात लंडनमध्ये भारताचे उच्चायुक्त होते. या सगळ्यांनी सरकारला लिहिलेले अभिप्राय, शिफारशी, अहवाल हे त्यांच्या लेखनाचाच भाग आहेत. मराठीत समग्र वाङ्मयाचे खंड निघतात तेव्हा त्यात पत्रं येतात, भाषणं येतात, प्रस्तावना येतात. सरकारी लेखन येताना मी क्वचितच पाहिलं आहे. लेखक वेगळा आणि नोकरी वेगळी, असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण जमिनीचं संपादन, धरणग्रस्तांचं पुनर्वसन, एखाद्या पुस्तकावरची बंदी यांबद्दल लेखकाने फायलीत काय शेरा मारला, हे त्याच्या कवितेइतकंच त्याचं आहे. त्यात कधी लाज वाटावी असं निघेल, कधी असं धैर्य निघेल ज्याचा त्याने कधी गाजावाजा केला नाही.

बोस्नियातल्या शाळांत आज तीन वेगळे अभ्यासक्रम चालतात. काही ठिकाणी एकाच इमारतीत दोन शाळा भरतात, बोस्नियाक मुलांची एक आणि क्रोएट मुलांची दुसरी. आंद्रिच यांचा वाद तिथे तीन बाजूंनी चालतो. टिपण लपवल्याने ही भांडणं मिटलेली नाहीत. ते बोस्नियाक आणि अल्बानियन वाचकांना आधीच माहीत आहे, ते त्यांच्याकडे आरोपपत्र म्हणून फिरतं. सर्ब बाजूला ते बदनामी म्हणून झटकलं जातं. दोघांनीही ते कादंबरीशेजारी ठेवून वाचलेलं नसतं. बेलग्रेडमध्ये आंद्रिच यांच्या मृत्युपत्रानुसार स्थापन झालेली संस्था आहे, तिच्याकडे त्यांच्या लेखनाची जबाबदारी आहे. १९२४ चा प्रबंध, १९३९ चं टिपण आणि बर्लिनहून पाठवलेले अहवाल यांची टीपांसह एकत्र आवृत्ती तिने काढावी, आणि ती साराएवो, प्रिश्तिना, झाग्रेब इथल्या अभ्यासकांना बरोबर घेऊन काढावी. मराठीत आंद्रिच यांची कादंबरी काढणाऱ्या प्रकाशकानेही परिशिष्टात ते टिपण द्यावं, आणि कादंबरी संपवल्यावर मग ते वाचा, असं प्रस्तावनेत सांगावं.